पाहुणे आपले, गवा रानाचा

अगं, आधी तो पेन खाली ठेव. तुझी यादी वाचली मी. बर्मिंगहॅमहून मोठे दीर, जाऊबाई नि त्यांची दोन मुलं, पुण्याहून वन्सं, शिवाय वन्संच्या सासूबाई. त्यात अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, चपला, गूळ, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरात ‘गाडीत बसून प्राणी बघणे – मुलांचा हट्ट – कुठे???’ त्या तीन प्रश्नचिन्हांतच तुझी रात्रभराची झोप गेलेली दिसतेय.

खरं सांगू का, तुला प्राण्यांची भीती नाहीये. परत गेल्यावर जाऊबाई कुणाला तरी सांगतील की ‘तिनं इतक्या लांब नेलं आणि एक शेपूटसुद्धा दिसलं नाही’, याची भीती आहे. म्हणून पहिलं सांगते ते नीट ऐक. जेवण तुझ्या हातचं आहे, अंथरूण-पांघरूण तुझ्या हातचं आहे. गवा तुझ्या हातचा नाही. तो आला तर आला, नाही आला तर त्याची माफी तू मागायची नाहीस. घरी आलेल्या माणसाला मीठ कमी पडलं तर आपली चूक, पण गव्याला त्या दिवशी ओढ्याच्या पलीकडं चरावंसं वाटलं तर त्यात आपण काय करणार?

आता मुलांच्या डोक्यात काय आहे ते समजून घे, कारण सगळा घोळ तिथंच होतो. इंग्लंडात लाँगलीट म्हणून एक मोठी जहागीर आहे. तिथं 1966 साली मोकळ्या कुरणात सिंह सोडले आणि लोकांना आपापल्या मोटारीत बसून त्यांच्यामधून जाऊ दिलं. आफ्रिकेबाहेर असलं पार्क ते पहिलंच. मग तिथं जागोजाग तशी निघाली. काच वर करायची नि हळूहळू गाडी हाकायची, सिंह बाजूलाच लोळत पडलेला असतो. लाँगलीटची माकडं तर गाडीवर चढून वायपर उपटतात, आणि लोक तिकीट काढून आपल्या गाडीची ही दशा करून घेतात! तुझे पुतणे हे बघून आलेत. त्यांच्या लेखी प्राणी म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हजर असणारी मंडळी.

आपल्याकडं त्या जातीचं बघायचं तर बोरिवलीला संजय गांधी उद्यानात जाळीच्या बसमधून वाघ-सिंह दाखवतात. नाहीतर नागपूरला गोरेवाडा आहे, तिथली सफारी 26 जानेवारी 2021 ला सुरू झाली. मुंबईहून विमान पकडताना हातात अर्धा दिवस असेल तर बोरिवली कर, माझी काही हरकत नाही. नागपूरचं नाव मात्र वारणानगरात बसून काढू नकोस. बेळगावच्या अलीकडं भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मांच्या नावाचं प्राणिसंग्रहालय आहे, तेही अगदीच लहान मुलांना पुरतं. पण आपल्या दाराशी जे आहे ते वेगळं आहे बघ. ते पार्क नाही, रान आहे. गाडीतून फिरता येतं, पण मालक आत राहतो आणि त्याला आपण येणार हे ठाऊक नसतं.

हे मुलांना तू निघायच्या आदल्या रात्री सांगायचंस. गाडीत बसल्यावर सांगितलं तर ती बहाणा समजतील. मी तर सरळ म्हणते, ‘बाळांनो, उद्या आपण त्यांच्या घरी चाललोय, दार उघडलं तर उघडलं.’ मुलांना हे लगेच कळतं. मोठ्यांनाच जरा वेळ लागतो.

आता कुठं न्यायचं ते. याचं उत्तर प्राण्यांवर नाही, पाहुण्यांवर अवलंबून असतं.

तुझ्या पाहुण्यांत गुडघे दुखणारी कुणी नसती नि मुलं चार-पाच वर्षांची असती, तर मी डोळे मिटून सागरेश्वर म्हटलं असतं. इस्लामपूर, म्हणजे आता ईश्वरपूर, तिकडून पुढं देवराष्ट्र्याला. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. एकेकाळी तिथला डोंगर उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी ध्यास घेतला, माणसं जमवली, झाडं लावली, कुंपण झालं, हरणं आणून सोडली आणि 1985 साली त्याचं अभयारण्य झालं. सगळं मिळून 10.87 चौरस किलोमीटर, म्हणजे इवलंसंच. पण चितळ, सांबर, काळवीट यांपैकी काहीतरी दिसायची शक्यता इथं बरी असते, आणि वरून कृष्णाकाठ असा पसरलेला दिसतो की मोठी माणसंही गप्प होतात. वेळ कमी असेल तर सागरेश्वर हाताशी ठेव. शेजारीच जुन्या देवळांचा पुंजका आहे, म्हणजे वन्संच्या सासूबाईंचं दर्शनही उरकतं.

चांदोली? तुझे मोठे दीर ‘टायगर रिझर्व्ह’ हे शब्द वाचून आलेत, ते चांदोलीच म्हणणार. कागदावर ते बरोबर आहेत. चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयना अभयारण्यासकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. पण वाघ दिसेल म्हणून चांदोलीला जायचं नसतं गं. तिथं वाघ थोडे, डोंगर अफाट आणि झाडी दाट. वाघच बघायचा असेल तर त्यांना ताडोब्याचं बुकिंग करून दे आणि निवांत झोप.

तरी चांदोलीचं एक सांगते, कारण ते रान आपलं सख्खं आहे. आपली वारणा तिथून येते. वारणावतीच्या धरणामागं जे पाणी दिसतं, वसंत सागर, तेच खाली येऊन आपल्या काठच्या उसाला मिळतं. त्या उसावर तात्यासाहेब कोऱ्यांनी कारखाना उभा केला, मागून दूध संघ आला, बझार आला, म्हणून तर आपलं वारणानगर आहे. पाहुण्यांना हे सांगितलंस की धरण बघताना त्यांचा चेहरा बदलतो बघ. आणि दुसरी गोष्टही सांग, ती गुळगुळीत करू नकोस. त्या धरणासाठी नि त्या रानासाठी तिथली गावं उठली. ज्या खडकाळ पठारावर, झोळंबीच्या सड्यावर, पर्यटक फोटो काढतात, त्या झोळंबीत माणसं राहत होती. त्या गावांतल्या कितीतरी घरांचं पुनर्वसन इकडं खाली, आपल्या आसपासच्या तालुक्यांत झालंय. तुझ्याकडं कामाला येणाऱ्या मावशी किंवा भाजीवाली यांच्यापैकी कुणाचं माहेर त्या रानात असेल, सांगता येत नाही. तेव्हा ‘वाव, किती अनटच्ड!’ असं जाऊबाई त्यांच्यासमोर म्हणणार नाहीत, एवढं बघ.

आता दाजीपूर. तुझ्या पाहुण्यांसाठी मी तेच ठरवलंय. विचारायचं कशाला, सांगतेच.

दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य. कोल्हापूरच्या छत्रपतींचं हे शिकारीचं रान. 1958 मध्ये गव्यांसाठी म्हणून ते राखीव झालं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. 1985 मध्ये हद्द वाढली आणि आता ते 351 चौरस किलोमीटरचं आहे. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात आपल्या राज्यातल्या चार जागा आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यातल्या दोन आपल्या अंगणात. मोठ्या दिरांना आकडे आवडतात ना, हे तोंडावर टाक, वाघाचं विसरतील.

मला दाजीपूर आवडतं त्याचं खरं कारण मात्र रस्ता. कोल्हापूर सोडलं की भोगावतीच्या काठानं ऊस, गुऱ्हाळं, गावं असं करत राधानगरीला पोचायचं, मग धरण लागतं. शाहू महाराजांनी हे काम सुरू केलं. राधानगरी हे नावही त्यांच्या लेकीच्या, राधाबाईंच्या नावावरून. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी चाक फिरवायला लागत नाही. पुतण्यांना हे दाखव, सिंहापेक्षा जास्त वेळ बघत बसतील. तिथून पुढं फोंडा घाटाकडं जाणारा रस्ताच मुळी रानातून जातो. म्हणजे फाटकाच्या आत जायच्या आधीच, डांबरी रस्त्यावर, गाडीत बसल्या बसल्या तुमची फेरी सुरू झालेली असते. कातरवेळी गवे हा रस्ता ओलांडतात. म्हणून तुझ्या अहोंना ताकीद दे, इथं चाळीसच्या वर काटा न्यायचा नाही आणि हॉर्न तर अजिबात नाही. कोकणातल्या मासळीच्या गाड्या अंगावर आल्यासारख्या जातात, त्यांना जाऊ दे.

वेळेचं बघू. सगळे सांगतात पहाटेची फेरी उत्तम. उत्तम आहेच. पण वारणानगरहून पहाटेच्या फेरीला पोचायचं तर रात्री तीनला निघावं लागेल. ऊसतोडीचा हंगाम आहे हे विसरू नकोस बाई! काळोखात, धुक्यात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं लाल दिवा नसताना पुढ्यात उभा असतो. गव्यापेक्षा मला त्याची धास्ती जास्त. तेव्हा एक तर आदल्या रात्री राधानगरीत मुक्काम करा, नाहीतर सरळ दुपारची फेरी धरा. सकाळी आरामात आवरून निघायचं, राधानगरीत जेवायचं, तीनच्या सुमाराला आत शिरायचं. वन्संच्या सासूबाई बरोबर असताना मी तरी दुपारचीच निवडेन. अपरात्री त्यांना उठवून, गार पाण्यानं तोंड धुवायला लावून तू जे काही दाखवशील ते त्यांना गोड लागणार नाही, मोर नाचला तरी.

निघायच्या आधी राधानगरीच्या वन्यजीव कार्यालयात फोन कर. पावसाळ्यात आतली फेरी बंद असते, आठवड्याच्या सुटीचा वार असतो, फी बदलते. मागच्या वर्षी कुणी तरी गेलं होतं, त्याच्या भरवशावर राहू नकोस. आणि रोख पैसे घे. तिथं नेटवर्क जातं, मग सगळे फोन आभाळाकडं धरून उभे राहतात आणि जीपवाला बिचारा ताटकळतो. ‘रात्री नऊपर्यंत फोन लागला नाही तरी घाबरू नका’ असं घरी सांगून ठेव.

आपली गाडी आत घालायचा हट्ट मात्र तुझ्या अहोंना करू देऊ नकोस. आतला रस्ता लाल मातीचा, दगडांचा, खालून ऑइलची टाकी फुटेल. स्थानिक जीप घ्या, बरोबर वाटाड्या घ्या. गावातल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात, आणि त्या पोरांचे डोळे आपल्यासारखे नसतात. आपल्याला जिथं नुसती झाडी दिसते तिथं ती म्हणतात, ‘वहिनी, त्या जांभळीच्या मागं कान हलतोय.’ मी एकदा सगळ्या जीपला थांबवून ‘गवा! गवा!’ म्हणून ओरडले होते. तो वणव्यात जळालेला बुंधा निघाला. अजून आमच्या घरी काळं काही दिसलं की ‘ताईचा गवा’ म्हणतात. तेव्हा बोट दाखवायचं काम वाटाड्याचं, आपलं नाही.

जीपमध्ये कोण कुठं बसेल तेही आत्ताच ठरव, नाहीतर फाटकाशी भांडण. वन्संच्या सासूबाई पुढं, ड्रायव्हरशेजारी, पाठीला एक उशी. पुढच्या सीटला हिसके कमी बसतात. मुलं मधे, जाऊबाई कडेला. मागच्या टोकाच्या सीटवर तू नि तुझे अहो, हाडं खिळखिळी करून घ्यायला. पाठीचं दुखणं असेल, कुणाला दिवस गेले असतील, तर त्या माणसानं जीपमध्ये चढायचंच नाही, धरणाकाठी बसून चहा घ्यायचा. हे तोंडावर सांगायला लाजू नकोस. आणि मोकळेपणानं सांगते, राधानगरी सोडायच्या आधी सगळ्या बायकांना नि मुलांना बाथरूमला जाऊन यायला लाव. ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्यालासुद्धा. विशेषतः त्यालाच. आत झुडपामागं कुणी जायचं नसतं. पाळी चालू असेल तर पिशवीत जादा पॅड आणि वापरलेलं परत आणायला जाड कागदी पिशवी ठेव. रानात काही टाकायचं नाही.

कपडे. आजच व्हॉट्सअ‍ॅपवर कळव: मातकट, हिरवट, खाकी. पांढरं नको, लाल नको, चमचम नको, अत्तर नको. अंगभर कपडे नि बूट. उन्हाळ्याच्या तोंडाला गवतात गोचिड असतात, पोटरीला चिकटतात. घरी आल्यावर मुलांना गरम पाण्यानं न्हाऊ घाल नि कानामागं बघ. हिवाळ्यात उघड्या जीपमध्ये संध्याकाळी असा गारठा बोचतो की बर्मिंगहॅमचे लोकसुद्धा कानटोप्या मागतात. तुझ्या कपाटातल्या सगळ्या शाली घे.

खाणं हा तुझा प्रांत, तरी बोलते. घाटवळणाच्या रस्त्यावर मुलांना दूध देऊन निघू नकोस, आवळासुपारी नि लिंबू पर्समध्ये ठेव. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, केळी. बस. कुरकुरीत पाकिटं नकोतच, एक पाकीट फोडलं की अर्ध्या रानाला कळतं. आत तर डबा उघडायचाच नाही, वानरांना काही द्यायचं नाही. लाँगलीटचे संस्कार इथं चालत नाहीत हे पुतण्यांना बजाव. श्रीखंडाचा डबा डिकीत टाकायचा मोह होईल, आपल्या वारणेचं म्हणून. नको. मे महिन्यात मी तो प्रयोग केलाय, कोल्हापूर यायच्या आत त्याचं पियूष झालं होतं. श्रीखंड घरी फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी पुरीबरोबर. आणि पुऱ्यांची कणीक आदल्या दिवशी भिजवायची स्वप्नं बघू नकोस, परत येताना कोल्हापुरात तांबडा-पांढरा होईलच. शाकाहारी मंडळींना घरी पिठलं-भात. त्या दिवशी तूही पाहुणीच आहेस.

आता समजा गवा दिसला. दिसतो गं, अगदीच नाही असं नाही. संध्याकाळी सड्याच्या कडेला, नाहीतर पाणवठ्यावर. आधी काही कळतच नाही, सावलीतली एक सावली जरा जास्त काळी वाटते. मग ती मान वळवते आणि पांढुरकं कपाळ दिसतं. मग पाय. गुडघ्यापासून खाली पांढरे, शाळेतल्या मुलानं मोजे ओढून घ्यावेत तसे. पाठीवर तो वशिंडासारखा उंचवटा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो आणि इतका काळा की अंगावर ऊन पडलं तर तेल लावल्यासारखा चमकतो. मादी तांबूस-तपकिरी, लहान वासरू तर सोनेरीच. मुलं ‘म्हैस!’ म्हणतील. ओरडू नकोस त्यांच्यावर. हळूच सांग की तो म्हशीपेक्षा गाईच्या जवळचा. त्यांना मजा वाटेल. कळप बघत राहिलात तर दिसेल की पुढं चालणारी बहुतेक वेळा एक पोक्त मादी असते. ती थांबली की सगळे थांबतात, ती फुरफुरली की सगळे झाडीत. जाऊबाईंना हे फार आवडेल, नि वन्संच्या सासूबाईंना तर ते आधीपासून ठाऊकच असणार.

त्या वेळी करायचं काहीच नाही. गाडी थांबवायची, बोलणं थांबवायचं, फोनचा फ्लॅश बंद. खाली पाय ठेवायचा नाही, ‘एकच सेल्फी’ला तर मुळीच नाही. एकटा नर असेल किंवा वासरू जवळ असेल तर आणखी लांबून बघायचं. गवा दिसायला संथ, पण बिथरला की त्याच्यापुढं जीपचं काही चालत नाही. आणि बिथरवतो कोण, आपणच. वन्सं कोथरूडच्याच ना? त्यांना डिसेंबर 2020 आठवत असेल. एक गवा वाट चुकून कोथरूडच्या सोसायट्यांत शिरला. बघ्यांची गर्दी मागं लागली, तो जिवाच्या आकांतानं पळत सुटला, शेवटी जाळ्यात पकडला तोवर इतका दमला होता की त्याच दिवशी गेला. त्यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं गं. ही गोष्ट तू जीपमध्ये सांगू नकोस, पण वन्संनी मुलांना सांगितली तर थांबवूही नकोस. आपल्याकडं पन्हाळा-शाहूवाडीत, राधानगरीत गवे शेतात उतरतात. शेतकऱ्याचा ऊस तुडवला जातो, माणसंही दगावलीत. त्यामुळं पाहुण्यांसमोर ‘किती गोंडस’ म्हणताना जीपवाल्याच्या तोंडाकडं एकदा बघ. रानाला लागूनच त्याचं शेत असतं.

आणि नाही दिसला तर? तर वाटाड्याला म्हण, ‘दादा, जे आहे ते दाखवा.’ इथं खरी गंमत सुरू होते. अस्वलानं मध काढायला चढताना झाडाच्या सालीवर ओढलेल्या नख्या. फोडलेलं वारूळ. चिखलात गव्याचा खूर, मुलाचा अख्खा तळवा मावेल एवढा. उंच झाडाच्या शेंड्याला काटक्यांचा गोळा, ते शेकरूचं घरटं. शेकरू म्हणजे ती लांब शेपटीची तांबडी खार, आपला राज्यप्राणी. नशीब असेल तर ती एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेताना दिसते. धनेश पक्षी उडताना पंखांचा एवढा आवाज होतो की आधी कान वर जातो, मग मान. देवराईत शिरलात की उजेडच बदलतो. पुतण्यांच्या हातात एक वही दे नि दिसेल ते काढायला लाव, खूर, नखं, शेण, काहीही. लाँगलीटला काचेआडून सिंह बघितला असेल, पण तिथल्या शेणाचं चित्र कुणी काढलं नसेल.

तू मात्र तेवढ्या वेळात ‘सॉरी हं, काल म्हणे सात दिसले होते’ हे वाक्य उच्चारायचं नाहीस. एकदाही नाही. ते ऐकलं की समोरच्याला आपलं काहीतरी हुकलं असं वाटायला लागतं, तोवर वाटत नव्हतं. ड्रायव्हरलाही ‘आता तरी दिसेल का’ म्हणून टोचायचं नाही. त्यानं जीव तोडून गाडी पळवली तर धूळ तेवढी वाढेल. उतरताना त्याला चहापाण्याचे वेगळे पैसे दे, गवा दिसला नसेल तर थोडे जास्तच दे. त्यानंही तासन्‌तास डोळे ताणलेत.

फाटकाबाहेर आल्यावर काळोख पडायच्या आत राधानगरी गाठा. तिथं चहा घ्या, मुलांना मध घेऊन दे. जांभळीचा नि हिरड्याचा मध इकडं मिळतो. जाऊबाईंना दोन्ही चाखायला दे, तिकडं न्यायला त्यांना काहीतरी हवंच असेल. बाटली मात्र झाकणाला टेप लावून सुती कपड्यात गुंडाळ, नाहीतर विमानातल्या बॅगेत सगळ्या कोल्हापुरी चपला गोड होतील.

झालं तर मग. मंगळवारचा पन्हाळा तू त्या यादीतून काढून टाक, एका दिवसाची विश्रांती हवीच सगळ्यांना. फोनचा नंबर लावून बसलीस का वन्यजीव कार्यालयाचा? नसेल तर आधी तो लाव, मग मला सांग. मी दुपारी चारनंतर मोकळी आहे. आणि ती खाकी टोपी, जी तुझ्या अहोंनी पाणी घालायला म्हणून बागेत ठेवलीय, ती धुऊन वाळत घाल. मोठे दीर नक्की विसरून येणार आहेत.